मिक्सरमधील विरुद्धाहार

रुग्णाने “सकाळी फक्त दूध आणि फळे घेतो” असे सांगितले, की आपण समाधानाने पुढील प्रश्नाकडे वळतो. त्या पेल्यात काय काय फिरवले जाते, हे मात्र विचारायचे राहते. केळे, स्ट्रॉबेरी, वाटीभर दही, थोडे दूध, बर्फ. दोन मिनिटांत दाट ‘स्मूदी’ तयार. शहरी घरांत न्याहारीची जागा आता हिने घेतली आहे. त्वग्विकाराचा रुग्ण महिनोन्महिने मंजिष्ठादी काढा घेतो आणि रोज सकाळी हाच पेला रिचवतो, तेव्हा दोष औषधाला देणे योग्य नव्हे.

याउलट “दूध व फळे कधीच एकत्र नकोत” असा सरसकट निषेध केला, तर रुग्ण आमरसात दूध घालणाऱ्या आजीचा दाखला देतो आणि आपण निरुत्तर होतो. वास्तविक शास्त्र इतके ढोबळ नाही. चरकाचार्यांनी आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात आम्र, मोच (केळे), जांभूळ, फणस, नारळ, डाळिंब, आवळा, एवढेच नव्हे तर अक्रोडही दुधाशी विरुद्ध सांगितला आणि शेवटी सर्वच अम्ल द्रव्ये त्यात घेतली. तेथील आम्र आंबट समजावा; कारण भावप्रकाशात पिकलेला आंबा दुधासह वातपित्तहर व बृंहण म्हटला आहे. केळ्याला मात्र ही सवलत नाही. सुश्रुतांनी ते दूध, दही व ताक या तिन्हींशी विरुद्ध मानले, वाग्भटांनीही दही-ताकाचा स्पष्ट निषेध केला. म्हणजे ‘दूध नको तर दही घाला’ हा सल्ला केळ्यापुरता तरी चुकीचाच.

आपल्या शिकरणाचे काय, असा प्रश्न येईलच. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य व व्यायाम असता विरुद्धाहार बाधत नाही, हेही चरकांनीच सांगितले आहे. सणावारी वाटीभर शिकरण खाणारा शेतकरी आणि रोज अर्धा लिटर थंडगार स्मूदी पिऊन संगणकापुढे बसणारा मंदाग्नी तरुण यांना एकच नियम लावता येत नाही.

अननस, कच्ची पपई व किवी यांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात, म्हणून असे मिश्रण थोडा वेळ ठेवल्यास कडू होते. हे रुग्णाने घरी करून पाहावे. आपल्या व्याख्यानापेक्षा ते लवकर पटते.

निषेधासोबत पर्याय दिला नाही तर पथ्य टिकत नाही. आम्ही सुचवतो ती कृती अशी: चार बिनबियांचे खजूर, दहा गोड काळ्या मनुका व सहा बदाम रात्री पाण्यात भिजवावेत. सकाळी बदाम सोलून सर्व बारीक वाटावे. उकळून कोमट केलेले एक वाटी दूध व चिमूटभर वेलची घालून पुन्हा फिरवावे. मलईचा दाटपणा बदामामुळेच येतो. बर्फ नको. प्रमेही रुग्णास हे देऊ नये, आणि भूक नसेल तर कोणासही नको.

आंबट फळांसाठी मंथ आहेच. शार्ङ्गधरांच्या परिभाषेनुसार एक भाग द्रव्य व चार भाग थंड पाणी घेऊन ते घुसळावे. डाळिंब, फालसा, मनुका यांचा मंथ उन्हाळ्यात उत्तम. त्यात दूध मुळीच घालू नये. औषधी दुकानदार बंधूंनी शतावरी कल्प देताना तो साध्या दुधातून घ्यावयाचा आहे, फळांच्या मिश्रणातून नव्हे, एवढे एक वाक्य अवश्य सांगावे.