भाकरी सोडायची की डाळ वाढवायची?

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आमच्या अवसरी खुर्दसारख्या गावात आता बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरांतही साखरेच्या गोळ्या दिसतात. मग कोणी सांगतो, भाकरी-भात बंद करा. कोणी विचारतो, बटाट्याच्या काढणीला जाणाऱ्या बाईने भाकरी खायची नाही तर काय खायचे?

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. 2018 साली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे 'दिवसातून दोनदाच जेवा' आणि ऋजुता दिवेकर यांचे 'थोडे थोडे, पण घरचे वरण-भात-तूप खा' हे दोन विचार गावोगावी गाजले. परंतु किती वेळा खावे याइतकाच ताटात काय असावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात अमेरिकेतील सुमारे 15 हजार लोकांचा अभ्यास आला. निम्मी किंवा त्याहून किंचित जास्त ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. 40 टक्क्यांहून कमी आणि 70 टक्क्यांहून जास्त घेणारे, दोघांतही ते वाढलेले होते. भारतीय माणूस सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेतो, असे संशोधन परिषदेच्या 2025 च्या अभ्यासात आढळले. नुसती मैद्याऐवजी गव्हाची पोळी किंवा भाकरी केल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा थोडा भाग काढून तेथे डाळी-दुधाची प्रथिने आली, तेथे तो कमी दिसला.

म्हणजे भाकरी आपली शत्रू नव्हे. तीन भाकरी आणि चटणी-ठेचा, हे ताट एकांगी आहे. दोन भाकरी, वाटीभर हुलगे, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, भरपूर पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे वा मासळी, हे ताट बरे. बटाट्याची भाजी ही भाजी नसून पिष्टच आहे, हेही ध्यानात घ्यावे. गोड चहा आणि बिस्किटे आधी कमी करावीत.

आता प्रश्न खिशाचा. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून मोफत. पण कायद्याचा हक्क धान्याचा आहे, डाळीचा नाही. सरकारनेच पोटात पिष्ट भरायचे आणि डॉक्टरांनी ते सोडा म्हणायचे, हा कुठला न्याय? रेशनवर डाळ कायमची मिळावी, हा ठराव ग्रामसभेत महिलांनी मांडला पाहिजे.

एक इशारा मात्र देतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना भाकरी एकदम बंद केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. तेव्हा आहार बदलण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारावे, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर तपासून घ्यावी.