तारेतला ठेका

आकडा होता 53.4. भुसावळकडच्या रेल्वेमार्गालगत एका सबस्टेशनात, 2014 सालच्या उन्हाळ्यात, माझ्या मीटरने विजेची वारंवारता एवढी दाखवली आणि मी चक्रावलो. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने. 2013 सालच्या डिसेंबरअखेरीस दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. तेव्हापासून दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंत ठेका एकच. मग एकट्या खानदेशात तो 53 कसा?

दोष मीटरचा नव्हता, माझ्या भाबडेपणाचा होता. लहर शून्यावरून वर जाते ते क्षण मोजायचे, ही साधी रीत. घरातल्या विजेला ती पुरते. रेल्वेच्या 25 हजार व्होल्टच्या तारेखाली मात्र मालगाडीचे इंजिन जोर लावत असते. त्याच्या पोटातला रेक्टिफायर एसीची डीसी करताना एका डायोडकडून दुसऱ्याकडे प्रवाह सोपवतो, आणि त्या देवघेवीत व्होल्टेज खचते. तेही नेमके शून्याच्या आसपास! भरीला तारेची स्वतःची थरथर. लहर एकदा ओलांडायची रेषा मधूनच दोनदा ओलांडते. अशा सेकंदाला तीन-चार खोट्या खेपाही मीटर इमानाने मोजतो.

मोजेना का, असे कोणी म्हणेल. पण याच क्षणांवरून थायरिस्टरला इशारा द्यायचा असतो. 20 मिलिसेकंदांच्या आवर्तनात एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे 18 अंश! आणि वारंवारतेवर पहारा देणारा रिले खोट्या आकड्यावर विसंबून चांगला चाललेला पुरवठा तोडू शकतो.

लहर गाळून घ्यावी, तर 150, 250, 350 हर्ट्‌झचे उपद्रवी भाऊबंद बऱ्यापैकी अडतात. पण गाळणीतून लहर उशिरा बाहेर पडते. म्हणून आम्ही फेज लॉक्ड लूप बसवला. हे यंत्र स्वतःशी ठेका धरते, आलेल्या लहरीशी ताडते आणि फरक दिसला तर हळूहळू सरकते. तबलजीने कितीही आडवेतिडवे तुकडे घेतले तरी जाणकार श्रोत्याची सम चुकत नाही, तसेच. फार घट्ट धरला तर खरा बदल उशिरा कळतो. सैल धरला तर प्रत्येक टोल्याला मान हलते. किती घट्ट, यावर आमचा अर्धी रात्र वाद चालला. चहा तीनदा झाला.

पहाटे एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. जुना मीटर 52 वर उडाला. शेजारच्या नव्या पडद्यावर 49.97 होते, आणि ते तसेच राहिले.