बक्षिसाने काय शिकविले जाते?

हैदराबादजवळ मोइनाबाद येथे तेलंगण पोलिसांच्या प्रशिक्षण संस्थेत स्फोटके हुडकणारी कुत्री तयार केली जातात. विशिष्ट वास लागताच कुत्र्याने शांतपणे खाली बसावे व लगेच त्याला आवडता चेंडू किंवा खाऊ मिळावा, असे या विद्येचे सर्वसाधारण सूत्र आहे. स्फोटक म्हणजे काय हे कुत्र्याला ठाऊक नसते. त्याच्या कामापुरते तेवढे पुरते. आमच्या धर्मशिक्षणवर्गांत पाठांतरासाठी व उपस्थितीसाठी बक्षिसे वाटली जातात, तेव्हा हेच सूत्र चालते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

या सूत्राचा उगम थॉर्नडाइक यांच्या १८९८ च्या प्रयोगांत सापडतो. पेटीत कोंडलेले भुकेले मांजर धडपडत असता योगायोगाने कडी उघडे, बाहेर पडून अन्न मिळवी, आणि पुढच्या खेपांस कडी अधिकाधिक लवकर उघडी. सुखद परिणाम देणारी कृती दृढ होते, हा त्यांचा नियम होय. (पावलॉव्ह यांच्या कुत्र्याची लाळ ही गोष्ट निराळी, तेथे प्राणी काही मिळविण्यासाठी कृती करीत नाही.) स्किनर यांनी हा नियम मानवी व्यवहारास लागू केला आणि १९७१ साली स्वायत्त मनुष्याची कल्पनाच त्याज्य ठरविली. तेथे आमची व त्यांची वाट अर्थातच वेगळी होते.

परंतु स्किनर यांना उत्तर देण्यासाठी धर्मशास्त्राकडेच धावण्याचे कारण नाही. बांडुरा यांनी १९६५ साली बालकांना एक चित्रपट दाखविला. त्यात एक मनुष्य बाहुल्याला बडवीत होता. त्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी त्याचे अनुकरण कमी केले. पण पुढे बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही त्या कृती इतरांइतक्याच करून दाखविल्या. म्हणजे बक्षीस न मिळताच, केवळ पाहून, ती शिकली होती. शिकणे वेगळे आणि करून दाखविणे वेगळे. वर्गात मुले धर्मशिक्षकाचे शब्द पाठ करतात, आणि त्याचे वागणेही शिकत असतात.

१९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले, काहींना ते अकस्मात दिले, काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी, बक्षिसाची भाषा नसताना, पहिल्या गटातील मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. अकस्मात बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र टिकला होता. जे आनंदाने केले जात होते, त्याचे मोल ठरविल्याबरोबर ते मजुरीचे काम झाले!

हा निष्कर्ष मूळ आवड असलेल्या कृतीपुरता आहे, हे विसरू नये. दहा आज्ञांचा क्रम पाठ करणे कंटाळवाणे असते. तेथे एखादी पेन्सिल कबूल केल्याने फारसे बिघडणार नाही. गीते, बायबलातील कथा आणि मुलांनी स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना यांना मात्र आगाऊ बक्षीस जाहीर करू नये. द्यावेसे वाटलेच, तर वर्ग संपल्यावर, न सांगता द्यावे.