घड्याळे निराळी, घटका एकच

हैदराबाद शहरातील दिलसुखनगर ही शिकवणीवर्गांची व वसतिगृहांची गजबजलेली वस्ती होय. समजा, आपल्या गावचा एक मुलगा तेथे शिकावयास राहिला आहे, त्याची बहीण कुवेतमध्ये परिचारिका आहे आणि आईवडील वसईच्या वाडीत आहेत. अशी कुटुंबे आज विरळा नाहीत. घरी लग्न निघाले अथवा मर्तिक झाले, म्हणजे दूरची माणसे फोनच्या पडद्यावरून मिस्साला हजर राहतात. अशा प्रसंगी ‘चार वाजता’ एवढाच निरोप गेला, तर हे चार कोणत्या देशाचे समजावयाचे? लग्नाचे चित्रण मागाहून पाहता येते. परंतु आजोबांना मूठमाती देण्याची घटका पुन्हा येत नाही. म्हणून वेळेचा हा हिशेब प्रत्येक घराला यावा, असे आम्हांस वाटते.

वेळ मूळची सूर्याची. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. दिलसुखनगर तेथून सुमारे ४ अंश पश्चिमेस. म्हणून तेथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने घड्याळात बारा वाजून गेल्यावर १६ मिनिटांनी. वसईत तर सुमारे ३९ मिनिटांनी. गावोगावच्या या निरनिराळ्या वेळा आगगाडीला व तारेला परवडेनात. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ मानले आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे.

आज परदेशांतून येणाऱ्या पत्रांत ‘यूटीसी’ ही अक्षरे दिसतात. हीच जागतिक वेळ. तिच्यात ५ तास ३० मिनिटे मिळवावीत, की आपली वेळ मिळते. १४:०० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मात्र जागतिक वेळ १८:३० झाली, की आपल्याकडे मध्यरात्र होऊन तारीख बदलते. दिलसुखनगरच्या त्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी ‘१२ तारीख, १९:३० यूटीसी’ असे कळविले, तर ती वेळ १३ तारखेच्या रात्री एक वाजताची. म्हणजे १२ तारखेला जेवण उरकून जागत बसावयाचे. तो १३ तारखेला जेवणानंतर बसला, तर एक दिवस उशीर झाला आणि नोकरी गेली!

गावाहून निरोप धाडताना हाच हिशेब उलटा करावा. आपले दुपारचे ४ म्हणजे जागतिक १०:३०. कुवेत तिच्या ३ तास पुढे, म्हणून तेथे दुपारचा दीड. दुबई ४ तास पुढे, म्हणून तेथे अडीच.

युरोपात आणखी एक मेख आहे. तेथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सारतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. २०२४ साली पुनरुत्थानाचा सण नेमका ३१ मार्चला, घड्याळ बदलण्याच्या दिवशीच आला. आदल्या दिवशी रोममध्ये सकाळी १० वाजले, तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झाले होते. सणाच्या दिवशी मात्र दीडच. जागतिक वेळ अशी कधी सरकत नाही, हाच तिचा मोठा उपयोग.

तेव्हा वाचकहो, आमंत्रण असो वा दुःखाची वार्ता, चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: वार, तारीख, भारतीय वेळ आणि जागतिक वेळ. लिहावयास अर्धे मिनिट पुरते. तेवढ्याने दिलसुखनगरचा भाऊ आणि कुवेतची बहीण एकाच घटकेला आईबापांबरोबर गुडघे टेकतील.