मेपलचे वऱ्हाडी भाऊबंद

कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान पाहिलंय ना? १९६५ पासून ते तिथं फडकतंय. ते मेपलचं पान. त्याचाच जपानी भाऊ आणखी नाजूक असतो. त्याचं पान म्हणजे पाच-सात बोटं फाकवलेला इवलासा हात, आणि शरद ऋतूत अख्खं झाड लालभडक. थंड देशांत लोक तो हौसेनं अंगणात लावतात, कुंडीतही वाढवतात.

मग आपण वऱ्हाडातल्या बाळापुरात लावला तर? मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या पायथ्याशी लालेलाल मेपल! काय रुबाब दिसेल!

पण गावातली एखादी आजी बघताच म्हणेल, “हे झाड आपल्या इथं काई टिकत नाई बापू!” आजीचं अगदी बरोबर आहे. का ते बघा.

मेपलला हिवाळ्यात गाढ झोप लागते. कित्येक आठवडे कडाक्याची थंडी मिळाली, तरच वसंतात त्याचे डोळे नीट फुटतात. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण दुपारी पुन्हा ३० कडे धावतो. झोप लागणार कशी? त्यात मे महिना. पारा ४५ च्या घरात आणि वर गरम वारा. मेपलच्या पातळ पानातून पाणी भराभर उडून जातं, मुळांना तेवढं पाणी वर पोचवायला जमत नाही. मग पानाच्या कडा आधी तपकिरी होतात, आणि हळूहळू सगळं पान करपतं.

बरं, जमीन तरी सोबतीला? नाही! मेपलला हवी भुसभुशीत, किंचित आंबट माती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. त्यातून बाळापूर तालुक्यातली बरीच गावं पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, आणि मेपलला मीठ मुळीच सोसत नाही. कुंडीत वेगळी माती भरता येईल, सावली करता येईल, पावसाचं साठवलेलं पाणीही घालता येईल. पण हिवाळा कुठून आणणार?

हिरमुसू नका! गंमत आता सुरू होतेय. पूर्वी शास्त्रज्ञ मेपलचं कुटुंब वेगळं मानत. पुढे झाडांचे डीएनए तपासले, तेव्हा मेपल चक्क रिठ्याच्या कुटुंबात जाऊन बसला. हो, तोच रिठा, ज्याच्या फेसानं आजी केस धुते! म्हणजे मेपलचे नातेवाईक आपल्याकडे आहेतच.

एक तर पावसाळ्यात कुंपणावर चढतो. कपाळफोडीचा वेल! त्याला कागदासारखे पातळ, हिरवे फुगे लागतात. ते कपाळावर आपटून फोडायचे, फट्! फुगा वाळला की उघडून बघा. आत तीन खोल्या आणि प्रत्येकीत एक काळं, गोल बी. त्या बीवर पांढऱ्या रंगाचं, रेखीव बदाम असतं, पत्त्यांमधल्या बदामासारखं. बी फळाला चिकटलेलं असतं, तिथली ती खूण.

दुसरा नातेवाईक मोठा थोराड. मेळघाटच्या जंगलातला कोशिंब, म्हणजेच कुसुम. मार्चच्या सुमारास ऊन तापू लागतं, तेव्हा याला नवी पानं फुटतात आणि झाड लालबुंद होतं. लांबून वाटावं, फुलंच फुललीत. काही आठवड्यांत ती पानं हिरवी होतात.

थांबा, इथं एक कोडं आहे. मेपल लाल होतो पानं गळायच्या आधी. कोशिंब लाल होतो पानं जन्मताना. असं उलटं का?

दोघांच्या पानांत लाल रंग आणणाऱ्या द्रव्यांना म्हणतात अँथोसायनिन. उन्हात निघताना आपण डोक्याला दुपट्टा बांधतो ना, तसं पान हा लाल दुपट्टा बांधतं. कोशिंबाच्या कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून पुरतं तयार नसतं, तेव्हा कडक ऊन त्याला सोसत नाही. मेपलच्या म्हाताऱ्या पानात हिरवं द्रव्य मोडत असतं आणि झाड पानातला नायट्रोजन खोडात परत ओढून घेत असतं. ते काम पुरं होईपर्यंत पानाला उन्हापासून जपावं लागतं. अनेक शास्त्रज्ञांना लाल रंगाचं कारण असं वाटतं. काहींच्या मते हा रंग किड्यांनाही दूर ठेवत असावा. शोध अजून चालू आहे.

मग लावायचं काय? जागा मोठी असेल, शाळेचं मैदान किंवा शेताचा बांध, तर रोपवाटिकेतून कोशिंबाचं रोप आणा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. खड्ड्यात मातीबरोबर कुजलेलं शेणखत घाला. पाणी साचणार नाही असा थोडा उंचवटा ठेवा. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवू नका. पहिले दोन-तीन उन्हाळे दुपारच्या उन्हात तुराट्यांची सावली करा. जागा नसेल तर कुंडीत कपाळफोडी! बी टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरा आणि चढायला काडी रोवा.

आणि हिवाळ्यात हे करून बघा. देशी बदामाचं झाड गल्लीबोळात असतंच. गळण्याआधी त्याची पानं लाल होतात. सगळ्यात लाल पान निवडा, बारीक तुकडे करून मोठ्यांच्या मदतीनं गरम पाण्यात भिजवा. रंगीत पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. आता दोन्हींचे रंग वहीत लिहा. मग आंब्याच्या तांबूस कोवळ्या पालवीवर हाच प्रयोग करा. जन्मतानाचा लाल आणि गळतानाचा लाल सारखेच वागतात का, हे तुमची वहीच सांगेल!