कोणतें पाऊल?

आमच्या घरीं रात्रीच्या जेवणापूर्वीं दूरदर्शन-संचापुढें जी बैठक भरते, तींत तीन पिढ्या एकत्र असतात. गेल्या महिन्यांत एके दिवशीं नातवानें बास्केटबॉलचा सामना लाविला होता. एक उंच खेळाडू चेंडू हातीं घेऊन टोपलीकडे झेपावला, आणि आमचे थोरले बंधु एकदम उद्गारले, "अरे, तीन पावलें झालीं! पंच झोपला कीं काय?" नातू शांतपणें म्हणाला, "मोठे आजोबा, पहिलें पाऊल मोजायचें नसतें." यावर माजघरांतून वहिनींचा प्रश्न आला, "जें टाकलें तें मोजायचें नाहीं, हें कोणतें गणित?"

सारा जन्म शाळामास्तरकींत गेल्यामुळें उत्तर देण्याचें काम साहजिकच आमच्याकडे आलें. तेंच येथें जरा विस्तारानें देत आहों. ज्या घरचीं मुलें हा खेळ खेळतात, त्या घरीं हा वाद केव्हांना केव्हां होतोच. आणि या बाबतींत आमच्या हातून एकदां जी चूक घडली, तीहि सांगून टाकावी असें मनांत आहे.

प्रथम हा नियम मुळांत कां झाला, तें पाहूं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं स्प्रिंगफील्ड नांवाचें गांव आहे. तेथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ हे गृहस्थ व्यायाम शिकवीत असत. ते मूळचे कॅनडाचे आणि धर्मशास्त्राचे पदवीधर. १८९१ च्या हिवाळ्यांत त्यांच्यावर असें काम आलें कीं, छपराखालीं खेळतां येईल असा खेळ शोधावा, परंतु त्यांत धसमुसळेपणा नसावा. नेस्मिथांनीं विचार केला: अमेरिकन फुटबॉलमध्यें खेळाडू एकमेकांस खालीं कां पाडतात? चेंडू घेऊन पळणारास थांबविण्याचा दुसरा उपाय नसतो म्हणून. तेव्हां पळूंच दिलें नाहीं, तर पाडण्याचें प्रयोजनच उरत नाहीं! त्यांचे तेरा नियम १८९२ च्या जानेवारींत त्या संस्थेच्या पत्रांत छापून आले. पैकीं तिसऱ्याचें तात्पर्य असें कीं, चेंडू जेथें झेलला तेथूनच तो टाकावा. मात्र वेगानें धांवतांना झेलणारास, तो थांबूं पाहत असल्यास, थोडी सवलत द्यावी.

व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर यांतील पूर्वार्ध हा उत्सर्ग व उत्तरार्ध हा अपवाद. आज सव्वाशेंहून अधिक वर्षें जो वाद चालला आहे, तो सगळा या अपवादाच्या व्याप्तीचा आहे. चेंडू आपटत नेण्याची युक्ति, म्हणजे ज्यास ‘ड्रिबल’ म्हणतात ती, त्या तेरा नियमांत नव्हती. ती पुढें खेळाडूंनीं शोधून काढिली, आणि नियमास तिची सांगड घालून द्यावी लागली.

आतां आजचा नियम पाहूं. आपल्या देशांत सामने ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणें होतात. त्यांत दोन अवस्था वेगळ्या केल्या आहेत: चेंडू घेणारा उभा आहे, कीं चालतीं आहे.

उभ्यानें चेंडू घेतला तर त्याचा एक पाय स्थिर राहिला पाहिजे. खेळाडू त्यास ‘पिव्हट’ म्हणतात. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस खळ्यांतील मेढीचें उदाहरण देत असूं. मेढ जागची हलत नाहीं, बैल तिच्याभोवतीं फिरतात. त्याप्रमाणें मेढीचा पाय जागीं ठेवून दुसरा पाय वाटेल त्या दिशेस, वाटेल तितके वेळां टाकावा. त्यांत दोष नाहीं. चवड्यावर गिरकी घेतली तरी चालते. दोन्ही पाय जमिनीवर असतां चेंडू हातीं आला, तर जो पाय आधीं उचलला जाईल त्याच्या उलट पाय मेढीचा ठरतो. पुढें चेंडू आपटण्यास आरंभ करावयाचा असेल, तर मेढीचा पाय सुटण्यापूर्वीं चेंडू हातांतून सुटला पाहिजे. नवशिके बहुधा येथेंच चुकतात. चेंडू फेंकावयाचा असेल, तर मात्र तो पाय उचलतां येतो. परंतु पाय पुन्हां जमिनीस लागण्यापूर्वीं चेंडू हातावेगळा झाला पाहिजे.

चालतीं चेंडू घेणारास, किंवा ड्रिबल संपविणारास, दोन पावलें मिळतात. हीं दोन मोजावयाचीं कोठून, हाच वहिनींचा प्रश्न. उत्तर असें कीं, चेंडू पूर्णपणें ताब्यांत आल्यानंतर जो पाय प्रथम जमिनीस लागेल, तें पहिलें पाऊल. चेंडू ताब्यांत येतांना जो पाय आधींच जमिनीवर होता, तो मोजणींत येत नाहीं. नागपुरास शून्य मैलाचा दगड आहे. अंतरें तेथून मोजीत असें सांगतात, पण तो दगड स्वतः कोणताहि मैल होत नाहीं. तसेंच हें शून्याचें पाऊल. त्यानंतर डावें-उजवें, किंवा उजवें-डावें, अशीं दोन टाकून उडी घ्यावी आणि चेंडू सोडावा. एकाच पायानें लागोपाठ दोनदां जमिनीस स्पर्श केल्यास मात्र तो दोष होतो. आणि चालतीं झेललेला चेंडू आपटावयाचा असेल, तर दुसरें पाऊल टेंकण्यापूर्वीं तो हातांतून सुटला पाहिजे. बळीच्या यज्ञांत वामनाचें तिसरें पाऊल यजमानाच्या मस्तकीं पडलें. येथें तें टाकणाराच्याच अंगावर येतें.

ही शून्याची तरतूद फिबानें २०१७ सालीं केली. तत्पूर्वीं चेंडू घेतेवेळीं जमिनीवर असलेला पाय मेढीचाच मानीत. नियम बदलला हें आमच्या कानीं आलें होतें, परंतु आम्ही तो वाचला नव्हता. त्याच हिवाळ्यांत मुलींच्या आंतरशालेय सामन्यांत, पंच कमी पडल्यामुळें, आम्हांस शिट्टी घेऊन उभें राहावें लागलें. आम्ही संस्कृताचे शिक्षक खरे, पण पटांगणाची हौस जुनी होती.

खेळाचीं अखेरचीं कांहीं क्षणें उरलीं होतीं. एका गुणानें मागें असलेल्या बाजूची, नववींतील एक मुलगी चेंडू आपटीत टोपलीकडे धांवली. चेंडू तिच्या हातीं स्थिरावला, पावलें पडलीं, चेंडू टोपलींत गेला. मैदानाबाहेरून कोणी तरी ओरडलें, "तीन!" आणि आम्हीं शिट्टी फुंकली, हात वर केला, मुठी एकमेकींभोवतीं फिरविल्या. गुण रद्द झाले. तिची बाजू एका गुणानें हरली.

खेळ संपल्यावर ती आमच्याजवळ आली. आवाज चढविला नाहीं, डोळ्यांत पाणी आणलें नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "सर, कोणतें पाऊल?"

आम्हीं म्हटलें, "तिसरें."

"तिसरें म्हणजे कोणतें, सर? चेंडू हातांत आला तेव्हां माझा उजवा पाय खालींच होता. मग डावा, मग उजवा."

आम्हांस उत्तर देतां येईना. खरें सांगावयाचें तर तिचा कोणता पाय केव्हां जमिनीस लागला, हें आम्हीं पाहिलेंच नव्हतें. आमची दृष्टि चेंडूवर होती, आणि मोजणी बाहेरच्या ओरड्यानें केली होती. त्या रात्रीं नियमांचें पुस्तक उघडून बसलों. तिच्या सांगण्याप्रमाणें पाहतां तिचा खेळ अक्षरशः निर्दोष होता. दुसऱ्या दिवशीं तिच्या शाळेंत जाऊन तिच्या सर्व सोबतिणींसमक्ष आम्हीं चूक कबूल केली. निकाल अर्थातच फिरला नाहीं. ती म्हणाली, "ठीक आहे, सर." परंतु तें आम्हांस आजतागायत ठीक वाटलेलें नाहीं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत जे थोडे सामने आम्हीं पाहिले, त्यांत एक शिस्त पाळली. खेळाडू चेंडूस हात घालूं लागला कीं दृष्टि त्याच्या पायांकडे न्यावयाची, आणि मनाशीं दोन प्रश्न विचारावयाचे: चेंडू ताब्यांत आला केव्हां, आणि त्या वेळीं कोणता पाय जमिनीवर होता? दोन्ही उत्तरें मिळालीं तरच शिट्टी तोंडास लावावयाची. चेंडू नुसता हातावर नाचत असेल, तर ताबाच नाहीं. मग पावलें कसलीं मोजतां? पावलें विचित्र पडलीं, तोल गेला, एवढ्यानें दोष होत नाहीं. चेंडू घेऊन खेळाडू पडला व घसरत गेला, तरीहि तो निर्दोषच. मात्र चेंडू धरून लोळला किंवा उठूं लागला, तर दोष. आणि ड्रिबल चालू असतां चेंडू हातावेगळा आहे, तोंवर दहा पावलें टाकलीं तरी विचारणारें कोणी नाहीं.

अर्थात् याचा अर्थ पंचानें मौनव्रत घ्यावें असा नव्हे. पाय सरकलेला स्पष्ट दिसूनहि जो गप्प राहतो, तो समोर नियमानें उभ्या असलेल्या बचाव करणारावर अन्याय करतो. बिचाऱ्यास हात लावण्याची बंदी. आणि चेंडूवाल्यास पाय मोकळे! मग तो धक्काबुक्कीवर येतो, आणि नेस्मिथांनीं जें टाळावयास हा खेळ रचला, तेंच पटांगणांत शिरतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सर्वत्र एकच पुस्तक चालत नाहीं. अमेरिकेंतील एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेनें दोन पावलांची मुभा २००९ सालीं आपल्या नियमांत स्पष्ट शब्दांनीं घातली. उलट तेथील माध्यमिक शाळांच्या नियमांत शून्याच्या पावलास स्थान नाहीं. म्हणजे तीच हालचाल एका पटांगणावर शुद्ध, तर दुसऱ्यावर अशुद्ध. संध्याकाळीं पडद्यावर पाहून सकाळीं मुलाच्या पंचाशीं भांडावयास जाणाऱ्या पालकांनीं एवढें अवश्य लक्षांत घ्यावें.

असो. वहिनींचें समाधान झालें. थोरल्या बंधूंचें झालें असें वाटत नाहीं, परंतु परवां पुन्हां सामना चालू असतां ते "तीन!" म्हणून ओरडूं लागले, आणि मध्येंच थांबून नातवास म्हणाले, "थांब रे, मागें ने पाहूं. चेंडू हातांत आला तेव्हां कोणता पाय खालीं होता?" आमच्या हातीं शिट्टी असतांना मागें नेण्याची ही सोय नव्हती. ज्यांचीं मुलें उद्यां शाळेच्या पटांगणावर खेळणार आहेत, त्यांच्या पंचापाशींहि ती बहुधा नसेलच. म्हणून रेघेबाहेर बसणारांस आमची विनंती आहे: मोजा, पण मनांत मोजा.