ओक पर्वतावरील हिमनदी : एक भूगोल व एक नामविचार

आइसलंडच्या पश्चिम भागात, लांगयोकुत्ल या विस्तीर्ण हिमाच्छादनाच्या पश्चिमेस, ओक नावाचा सुमारे १२०० मीटर उंचीचा एक ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर जी हिमनदी होती तिचे नाव ओक्योकुत्ल. २०१४ मध्ये आइसलंडमधील हिमनदीतज्ज्ञ ओद्दुर सिगुर्दसोन यांनी ती आता हिमनदी राहिलेली नाही असा निर्णय दिला, आणि नावातील उत्तरपद गळून 'ओक' एवढेच उरले. बर्फ मात्र त्यानंतरही तेथे होताच. तेव्हा एका भौगोलिक वस्तूचे अस्तित्व संपले की नाही, हा प्रश्न येथे अखेर एका शब्दाच्या व्याख्येवर येऊन ठेपला. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात पाऊल टाकण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

प्रथम पर्वताचे रूप पाहू. ओक हा ढाल-ज्वालामुखी होय. पातळ बेसाल्ट लाव्हा दूरवर वाहत जाऊन थरांवर थर बसल्यामुळे अशा पर्वताची चढण मंद आणि माथा रुंद असतो. शंकूचे टोक त्यास नसते. 'रुंद ढाल' याच अर्थाचे नाव असलेला स्क्याल्द्ब्रेइदुर हा पर्वतही याच प्रदेशात आहे. आता, कोणत्याही हिमनदीचे दोन भाग पडतात : वरचा, जेथे वर्षाकाठी पडणारे हिम वितळणाऱ्या हिमापेक्षा अधिक असते, तो संचयाचा; आणि खालचा, जेथे तूट असते, तो क्षयाचा. या दोहोंमधील रेषा हवामान उष्ण झाले की वर सरकते. उंच, तीव्र उताराच्या पर्वतावर ती काही मीटर चढली तर संचयक्षेत्राची थोडीशीच पट्टी कमी होते. परंतु ओकसारख्या पसरट माथ्यावर तेवढ्याच चढाने फार मोठे क्षेत्र एकदम क्षयाच्या बाजूस जाते. आणि रेषा माथ्याच्याही वर गेली म्हणजे हिमनदीस उत्पन्नच उरत नाही, केवळ खर्च उरतो. शेजारचा लांगयोकुत्लही घटतो आहे. पण त्याचा माथा अधिक उंच व विस्तार प्रचंड असल्याने तो अद्याप टिकून आहे.

१९०१ च्या भूशास्त्रीय नकाशावरून ओकवरील हिमाचे क्षेत्र सुमारे ३८ चौरस किलोमीटर धरले जाते. त्या काळचा अंदाज सैल असू शकेल. तथापि १९७८ च्या हवाई छायाचित्रांत ते ३ चौरस किलोमीटरच आढळले, आणि २०१९ मध्ये एक चौरस किलोमीटरहूनही कमी उरले होते.

परंतु निर्णय क्षेत्रफळावरून झाला नाही. बर्फाचा थर साधारणतः ४० ते ५० मीटर जाड असला म्हणजे तो स्वतःच्या भाराने विरूप होऊन सरकू लागतो. हे सरकणे हेच हिमनदीचे लक्षण. ओकवरील थर त्याहून पातळ झाला, गती थांबली, आणि जे उरले ते निश्चल बर्फ होय.

येथे आपल्या शब्दाकडे पाहावेसे वाटते. 'हिमनदी' ही संज्ञा पर्वतमाथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या हिमास शोभत नाही, असा आक्षेप घेता येईल, व तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण आइसलंडिक 'योकुत्ल' हा शब्द मूळच्या 'याकी', म्हणजे बर्फाचा तुकडा, या शब्दाचे लघुत्ववाचक रूप आहे; इंग्रजी 'आयसिकल' मधील उत्तरपद त्याचेच सगोत्र. फ्रेंच 'ग्लासिए' च्या मुळाशीही केवळ बर्फच आहे. गतीचा निर्देश या दोहोंत नाही. 'नदी' या पदात तो आहे. जी कसोटी लावून ओक्योकुत्लचे नाव काढून घेतले गेले, ती मराठी शब्दात आरंभापासूनच अंतर्भूत आहे, आणि केवळ या एका गुणासाठी मी ही संज्ञा राखू इच्छितो.

उरलेल्या पूर्वपदाविषयीही दोन शब्द. आइसलंडिकमध्ये 'ओक' म्हणजे जू. संस्कृत 'युग' आणि त्यापासून आलेले आपले 'जू' हे त्याच मूळ शब्दाचे वंशज होत. उत्तर जर्मानिक भाषांत 'उ', 'ओ' यांपूर्वीचा आद्य यकार लोपला म्हणून नाते प्रथमदर्शनी ओळखू येत नाही. इंग्रजी 'योक' मध्ये तो टिकला आहे.

१८ ऑगस्ट २०१९ रोजी या पर्वतावर एक स्मृतिफलक बसविण्यात आला. त्यावरील मजकूर लेखक आन्द्री स्नाइर माग्नासोन यांचा असून तो आइसलंडिक व इंग्रजी या दोन भाषांत आहे. शेवटी तेव्हाच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, दशलक्षांत ४१५ भाग, नोंदविले आहे. माथ्यावरच्या ज्वालामुखाच्या खळग्यात बर्फ हटल्यावर एक लहानसे तळे उघडे पडले; त्यास 'ब्लाउवात्न', म्हणजे निळे पाणी, असे नाव मिळाले आहे.